आधी मदत, मग कागद

इंग्लंडमध्ये विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलांवरच्या खर्चाचा वाद गेली काही वर्षं पेटलेला आहे, आणि तो फार वाईट रीतीने लढला जातो आहे. एक बाजू म्हणते, हल्ली उठसूट प्रत्येक मुलाला कसलं ना कसलं निदान चिकटवतात, आईबाप त्यासाठी भांडतात आणि कौन्सिलं, म्हणजे स्थानिक प्रशासनं, कर्जात बुडतात. दुसरी बाजू म्हणते, हा मुलांचा कायदेशीर हक्क आहे, पैशांचा विषयच काढू नका. गेल्या दिवाळीला आमच्याकडच्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात फराळाच्या टेबलाशीही हेच ऐकलं: "कर आपण भरायचा आणि पैसे यांनी न्यायचे." बोलणाऱ्यांच्या शेजारीच एक आई मान खाली घालून चकली मोडत बसली होती. तिच्या मुलाचा अर्ज मी आदल्याच आठवड्यात भरला होता.

मी एका नर्सरीत काम करते. विशेष गरजा असलेल्या मुलांची व्यवस्था बघणारी जी व्यक्ती प्रत्येक नर्सरीत नेमलेली असते, तिला इथे 'सेन्को' म्हणतात. ते काम माझ्याकडे आहे. या सगळ्या वादात माझ्या खोलीतलं तीन वर्षांचं मूल कुणाच्याच बोलण्यात येत नाही. दोन्ही बाजू बोलतात ती शाळेत पोचलेल्या, मदतीची कायदेशीर योजना मंजूर झालेल्या किंवा त्यासाठी लवादात गेलेल्या मुलांबद्दल. माझं म्हणणं असं आहे, की पाच वर्षांखालच्या मुलाची मदत अर्जावर अडवून ठेवणं हीच मूळ चूक आहे. नर्सरीला गरज दिसली आणि आईवडिलांनी होकार दिला, की मदत लगेच सुरू झाली पाहिजे. कागद, पुरावे, तपासणी हे सगळं जरूर व्हावं, पण मागाहून. आजची पद्धत याच्या बरोबर उलट चालते, आणि तिच्यातून गरजू मूल निवडलं जाण्याऐवजी ज्याच्यासाठी कुणीतरी चांगलं लिहू शकतं ते मूल निवडलं जातं.

नर्सरीसाठी दोन वेगवेगळे पैसे आहेत आणि लोक त्यांची कायम गल्लत करतात. एप्रिल २०१७ पासून प्रत्येक स्थानिक प्रशासनाने विशेष गरजा असलेल्या लहान मुलांच्या मदतीसाठी समावेशन निधी ठेवणं बंधनकारक झालं. तो आधी तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी होता. २०२४ पासून सरकारी मोफत तास घेणाऱ्या त्याहून लहान मुलांसाठीही झाला. यासाठी डॉक्टरांचं निदान लागत नाही, गरज दिसली की पुरे, असं नियम म्हणतो. पण निकष, दर, फॉर्म आणि निर्णय घेणारं पॅनेल हे सगळं प्रत्येक कौन्सिल आपापलं ठरवतं, त्यामुळे एका रस्त्याच्या अलीकडच्या मुलाला मिळतं ते पलीकडच्याला मिळेलच असं नाही. दुसरा पैसा अपंगत्वासाठीचा सुलभता निधी. २०२५-२६ साठी तो दर मुलामागे वर्षाला ९३८ पौंड होता, पण तो मिळायला मुलाच्या नावावर डीएलए हा अपंगत्व भत्ता चालू असावा लागतो. दोन्ही पैसे नर्सरीला मिळतात. आईवडिलांच्या हातात यातला एक पेनीही येत नाही, हे फराळाच्या टेबलाशी कुणाला ठाऊक नव्हतं.

आता वेळेचा हिशेब. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलाला तिसऱ्या वाढदिवसानंतर सप्टेंबरपासून सर्वांना मिळणारे आठवड्याचे १५ मोफत तास लागू होतात आणि पुढच्या सप्टेंबरात ते शाळेत जाऊ शकतं. वर्षाचे ३८ आठवडे, म्हणजे एकूण ५७० तास. त्या मुलाचं नर्सरीतलं सगळं आयुष्य एवढंच. आता अर्जाला काय लागतं ते पाहा. २०१५ च्या सरकारी आचारसंहितेत एक चांगली पायरी सांगितली आहे: मुलाकडे नीट बघा, काय करायचं ते ठरवा, करा, मग काय फरक पडला ते तपासा आणि पुन्हा सुरुवात करा. बऱ्याच ठिकाणी अर्जासोबत अशा दोन पूर्ण फेऱ्यांचा लेखी पुरावा मागतात. एका फेरीला सहा आठवडे धरले, तरी बारा आठवडे गेले. मग पॅनेलच्या बैठकीची तारीख, मग त्रुटी, मग पुढची बैठक. मदत न देता मूल किती अडखळतं हे आधी दाखवा, म्हणजे मदत देऊ, असा याचा अर्थ होतो.

चकली मोडत बसलेल्या त्या आईच्या मुलाचं सांगते. तो ऑगस्टचाच. सप्टेंबरात आला तेव्हा हाक मारली तरी वळून बघत नसे, हात वाळवायच्या यंत्राचा आवाज आला की कानांवर हात दाबून दाराशी जाऊन बसायचा, बाकीची मुलं गोलात बसली की हा भिंतीला लागून फेऱ्या मारायचा. खोलीत काम करणाऱ्या मुलींनी नोंद केली होती, 'एकही ओळखू येणारा शब्द नाही'. मी खाऊच्या वेळी शेजारी जाऊन बसले. दुधाचा पेला पुढे केला तर त्याने तो सरकवला आणि स्पष्ट म्हणाला, "नको." नंतर पाण्याच्या टबापाशी, "पाणी." आठवडाभरात मी सहा शब्द मोजले, त्यात एक 'आजी'. खोलीत कुणाला मराठी येत नसल्यामुळे ते सगळे 'आवाज' म्हणून लिहिले गेले होते.

आता फॉर्ममध्ये काय लिहायचं? २०१४ च्या कायद्याचं विसावं कलम सांगतं, की घरची भाषा शाळेच्या भाषेपेक्षा वेगळी आहे एवढ्याच कारणाने मुलाला शिकण्यात अडचण आहे असं मानायचं नाही. कलम अगदी योग्य आहे; स्थलांतरितांच्या मुलांवर उगाच शिक्का बसू नये म्हणून ते आहे. पण मी सहा मराठी शब्द लिहिले तर पॅनेल म्हणणार, हा भाषेचा प्रश्न दिसतो, थांबू या. नाही लिहिले तर मुलाबद्दल खोटं लिहिल्यासारखं होणार. मी लिहिले. आईला सही करण्याआधी मसुदा वाचायला दिला. चार पानांत तिच्या मुलाला काय काय येत नाही याची यादी होती, कारण फॉर्मच्या रकान्यांना तेच हवं असतं. तिने तो दोनदा वाचला आणि म्हणाली, "ताई, यात माझं बाळ कुठे आहे?" पुढे अर्ज परत आला. दुसऱ्या फेरीचा पुरावा जोडा, आणि इंग्रजी ही दुसरी भाषा असल्याचा परिणाम वगळला आहे का ते कळवा. मंजुरी मिळून मदतनीस त्याच्या शेजारी बसली ती मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात. ३८ पैकी २३ आठवडे संपले होते. ५७० तासांतले उरले २२५.

विरोधी बाजूचा सगळ्यात वजनदार मुद्दा पैशांचा आहे आणि तो मला मान्य आहे. जास्त गरजा असलेल्या मुलांसाठीचा निधी २०२४-२५ मध्ये १०७० कोटी पौंडांवर गेला. कायदेशीर योजना, ज्यांना इथे ईएचसीपी म्हणतात, त्या २०१५ मध्ये सुमारे २ लाख ४० हजार होत्या. जानेवारी २०२५ मध्ये ६ लाख ३८ हजारांवर गेल्या. कौन्सिलांच्या खात्यातली तूट हिशेबाबाहेर ठेवायची तात्पुरती सवलत सरकारला मार्च २०२८ पर्यंत वाढवून द्यावी लागली. हे आकडे पाहून काळजी वाटणाऱ्या माणसाला निर्दय म्हणणं हा आमच्या बाजूचा आळस आहे.

पण त्या आकड्यांच्या शेजारी आणखी एक आकडा ठेवून पाहा. १९७८ साली विशेष शिक्षणासाठी सरकारने नेमलेल्या मेरी वॉर्नॉक यांच्या समितीने अंदाज केला होता, की शालेय आयुष्यात कधी ना कधी पाचातल्या एका मुलाला विशेष मदत लागेल. जानेवारी २०२५ मध्ये इंग्लंडच्या शाळांतली १४.२ टक्के मुलं साध्या मदतीवर होती आणि ५.३ टक्के कायदेशीर योजनेवर. बेरीज होते साडेएकोणीस टक्के, म्हणजे पाचातलं एक. २०१० मध्ये ती २१ टक्क्यांच्या वर होती. मग गरजा असलेल्या मुलांचा पूर आला असं कसं म्हणायचं? पूर आला आहे तो कायदेशीर कागदाचा, आणि त्याचं कारण उघड आहे. छोटी मदत साध्या विनंतीवर मिळेनाशी झाली, की माणूस मोठ्या कागदाच्या मागे लागतो, कारण तो कागद हातात असला की कुणी नाही म्हणू शकत नाही. तीन वर्षांच्या मुलाच्या शेजारी चार महिने कुणी बसलं नाही, तर त्याची आई पाचव्या महिन्यात वकिलाचा नंबर शोधते. तिला लोभी म्हणणाऱ्यांनी तिच्या जागी आपण काय केलं असतं ते स्वतःला विचारावं. आणि हेही लक्षात ठेवावं, की वॉर्नॉक समितीने ज्या तीन गोष्टींना पहिला मान द्या म्हटलं होतं, त्यांत पाच वर्षांखालच्या मुलांची सोय ही एक होती. त्यानंतर जवळजवळ अर्धशतक लोटलं.

दुसरा मुद्दा गैरवापराचा. अर्ज काढून टाकला तर नर्सऱ्या निम्म्या खोलीला गरजू ठरवतील, असं म्हणतात. भीती अगदीच निराधार नाही. जिथे पैसा आहे तिथे मोह आहे. पण या पैशांचा आकार बघा. तीन वर्षांच्या आठ मुलांमागे एक मोठं माणूस, असं इथलं साधारण प्रमाण आहे. एका मुलाला शेजारी सतत कुणीतरी लागलं, की नर्सरीला जादा माणूस घ्यावं लागतं, आणि मी आजवर पाहिलेल्या दरांत त्या माणसाचा पूर्ण पगारही निघालेला नाही. ज्या निधीत नर्सरी पदरमोड करते त्याची लूट कोण करणार? आणि ज्यांना कराच्या पैशांची काळजी आहे त्यांना एक विचारते. धंदा करणारा माणूस इथे आपलं उत्पन्न स्वतः जाहीर करून कर भरतो आणि सरकार मागाहून निवडक तपासणी करतं. लाखो पौंडांच्या बाबतीत जो विश्वास चालतो, तो नर्सरीतल्या बाईच्या नोंदवहीच्या बाबतीत का चालू नये?

आधी सिद्ध करा, मग पैसे देऊ, हा प्रयोग या देशाने पूर्वीही केला आहे. १८६२ मध्ये, शिक्षणाचं काम रॉबर्ट लो या मंत्र्यांकडे असताना, शाळांचं सरकारी अनुदान मुलांच्या हजेरीला आणि वाचन, लेखन, गणिताच्या परीक्षेला बांधलं गेलं. हेतू वाईट नव्हता. पैसा वाया जाऊ नये, एवढाच होता. झालं काय, तर शिक्षक परीक्षेत विचारतील तेवढंच घोकून घेऊ लागले आणि बाकीचं शिक्षण वाळून गेलं. मॅथ्यू अर्नल्ड स्वतः शाळा तपासनीस होते, त्यांनी याला कडाडून विरोध केला. तरी पद्धत पुरती जायला १८९० चं दशक उजाडलं. पैसा ज्या कागदावर मिळतो त्या कागदासाठीच माणसं काम करू लागतात. मी स्वतः हे करते. नव्या मुलाकडे बघताना हल्ली माझ्या मनात आधी फॉर्मचे रकाने येतात, मूल मागून येतं, आणि याची मला लाज वाटते. आणखी एक गोष्ट: लो यांच्या त्या कडक नियमावलीनेसुद्धा सहा वर्षांखालच्या मुलांना त्या परीक्षेतून वगळलं होतं. एवढ्या लहान मुलाकडून पुरावा मागू नये, हे १८६२ मध्ये कळत होतं.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात विचार करायला लावतो. इतक्या लहान वयात मुलं आपापल्या गतीने वाढतात. आज न बोलणारं मूल सहा महिन्यांनी बडबडायला लागतं. घाई केली तर जन्मभराचा शिक्का बसेल. आपल्या घरांत याचंच रूप म्हणजे, "त्याचा बाबाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता," किंवा, "दोन भाषांमुळे गोंधळलाय, घरी मराठी बंद करा." यातलं दुसरं वाक्य साफ चूक आहे. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही. उलट घरची भाषा बंद केली की मुलाचं आजीशी असलेलं नातं तुटतं आणि आई परक्या भाषेत तुटक बोलू लागते. पहिलं वाक्य मात्र कधीकधी खरं ठरतं, हे मी मान्य करते. पण त्यातून निष्कर्ष कोणता निघतो? मूल स्वतःहून बोललं असतं, तर सहा महिने शेजारी बसलेल्या बाईने त्याचं काय नुकसान केलं? मदत काढून घेता येते. शिक्का बसतो तो मदतीमुळे नव्हे. मदत मिळवण्यासाठी मुलाचं सगळ्यात वाईट चित्र लिहावं लागतं, ते फायलीत राहतं आणि पुढच्या प्रत्येक शाळेत त्याच्या आधी पोचतं, म्हणून बसतो. ज्यांना शिक्क्यांची भीती वाटते त्यांनी सगळ्यात आधी फॉर्मच्या विरोधात उभं राहायला हवं.

फॉर्ममुळे लोक विचार तरी करतात, असंही एक म्हणणं आहे. खरं आहे. ती 'बघा, ठरवा, करा, तपासा'ची फेरी मला आवडते. तिने मला जास्त चांगली शिक्षिका केलं. ती मदत चालू असताना करावी, एवढंच माझं मागणं आहे.

आमच्या बाजूलाही एक सांगायचं आहे. आज एक पौंड घाला, उद्या अनेक पौंड वाचतील, असा युक्तिवाद आमचे लोक फार करतात. तो मला पटत नाही. काही मुलांच्या बाबतीत वाचतील, काहींच्या बाबतीत आयुष्यभर काहीच वाचणार नाही. मग त्या मुलाच्या शेजारी कुणी बसायचं नाही का? १९७० चा कायदा होईपर्यंत या देशात काही मुलांना 'शिक्षण देण्याजोगी नाहीत' असं ठरवून शिक्षण खात्याच्या बाहेर ठेवत. ती दारं उघडली तेव्हा कुणी परताव्याचा हिशेब मांडला नव्हता. तीन वर्षांच्या मुलाला आज, या खोलीत, इतरांबरोबर वाळूत खेळता यावं, हे कारण पुरेसं आहे. लवादाचे आकडेही आम्ही जपून वापरावेत. २०२२-२३ मध्ये सुनावणी होऊन निकाल लागलेल्या अपिलांपैकी ९८ टक्क्यांत निकाल निदान काही अंशी पालकांच्या बाजूने लागला, हे खरं. पण सुनावणीपर्यंत पोचतात ते ज्यांना कायदा, इंग्रजी आणि रजा तिन्ही परवडतात ते. नर्सरीच्या समावेशन निधीच्या निर्णयाविरुद्ध तर त्या लवादात जाताही येत नाही.

याच ठिकाणी आपली माणसं येतात. कामाच्या व्हिसावर आलेल्या कुटुंबाच्या व्हिसावर बहुधा अट असते, की सार्वजनिक निधीचा लाभ घेता येणार नाही. डीएलए त्या यादीत आहे. म्हणून अशा कुटुंबातल्या मुलाला डीएलए नाही, आणि डीएलए नाही म्हणून नर्सरीला तो सुलभता निधी नाही. नोकरदार पालकांना मिळणारे जादा मोफत तासही नाहीत. हेच कुटुंब आयकर भरतं, वर आरोग्य अधिभार म्हणून मोठ्या माणसामागे वर्षाला १०३५ आणि मुलामागे ७७६ पौंड भरतं. कायम वास्तव्याचा अर्ज करायला २०२५ पर्यंतच्या नियमाने पाच वर्षं थांबावं लागे, आणि त्या वर्षीच्या श्वेतपत्रिकेत ती दहा करण्याचा प्रस्ताव आला. बालपणाची पहिली पाच वर्षं यात पूर्ण संपतात. पालकांना भत्ता नको, हा निर्णय सरकार घेऊ शकतं. देशाने आपल्या सीमा आणि तिजोरी सांभाळावी, हे मी मानते. पण जो पैसा पालकांच्या खिशात जातच नाही, ज्यातून नर्सरी एखादं रॅम्प किंवा कान झाकायचे हेडफोन आणते, तो पालकांच्या व्हिसाला का बांधायचा?

दुसरीकडे, समावेशन निधी, १५ तास आणि ईएचसीपी हे शिक्षणाचे भाग आहेत. शिक्षण त्या निषिद्ध यादीत नाही. तरी त्या आईने सही करण्याआधी मला हळूच विचारलं, "ताई, यामुळे व्हिसाला काही होणार नाही ना? यांना सांगू की नको?" या भीतीने किती फॉर्म भरलेच जात नसतील!

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आधी बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम केलं, तेव्हा त्यांनाही मुलं शाळेत येत नाहीत हाच प्रश्न होता. त्यांनी पाड्यावरच्या आईबापांकडून खुलासे मागवले नाहीत. बालवाडी उचलून अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणावर नेली. अंगणवाडी हा शब्द आपल्याला तिथून मिळाला. त्याच्या तीसेक वर्षं आधी, १९१४ मध्ये, लंडनच्या डेप्टफर्ड वस्तीत मार्गारेट आणि रेचल मॅकमिलन या बहिणींनी गरिबांच्या मुलांसाठी उघड्या हवेतली नर्सरी काढली, तीही मुलांची गरज डोळ्यांना दिसली म्हणून. या दोन्ही ठिकाणी काम आधी सुरू झालं. नोंदी कामातून निघाव्यात, कामाच्या आधी मागू नयेत.

म्हणून मागणी नेमकी करते. सेन्कोची एक पानी नोंद आणि पालकांची सही एवढ्यावर पहिल्या सत्राची मदत आपोआप सुरू व्हावी. त्या सत्रातली निरीक्षणं हाच पुढच्या निर्णयाचा पुरावा मानावा, आणि पॅनेलने मदत चालू ठेवायची, वाढवायची की थांबवायची हे ठरवावं. दर वर्षी काही नर्सऱ्यांची अचानक तपासणी व्हावी आणि खोटं सापडलं तर पैसे वसूल करावेत. निकष देशभर एक असावेत. घरी इंग्रजी नसेल, तर मुलाच्या भाषेत बोलणाऱ्या कुणाकडून तरी एकदा त्याचं बोलणं ऐकून घेतल्याशिवाय 'शब्द नाहीत' असं लिहू नये. सुलभता निधीची डीएलएशी बांधलेली गाठ सोडावी. आणि नर्सरीत मिळालेली मदत शाळेच्या पहिल्या सत्रात तशीच पुढे चालावी.

शेवटचं मी त्या मुलावरून सांगते आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात तो मदतनीसाच्या मांडीला टेकून गोलात बसला, चार मिनिटं. हात वाळवायच्या यंत्रापाशी ती त्याच्या कानांवर स्वतःचे हात ठेवते, मग तो जातो. 'पाणी' हा शब्द आता खोलीतल्या तिन्ही मुलींना येतो. सप्टेंबरात तो शाळेत गेला आणि आमचा निधी नर्सरीच्या दारातच संपला. परवा त्याच्या आईचा फोन आला होता. शाळेने नवीन फॉर्म दिला आहे, दोन फेऱ्यांचा पुरावा लागेल म्हणाले. जुनी नोंदवही चालेल का, असं ती विचारत होती.